भासऱ्यांचे पाय

योगेश्वरीबाईचं तोंड मी तिसऱ्या भेटीत पाहिलं. आधीच्या दोन भेटींत पाहिला तो फक्त पदर. हिरवा, बारीक पिवळ्या ठिपक्यांचा, थेट छातीपर्यंत ओढलेला. आत बाई उभी आहे की बांबूला साडी गुंडाळून ठेवली आहे, ते कळू नये असा. पंचवीस वर्षं पोलिसात काढली की माणसाला तोंडं वाचायची सवय लागते, आणि वाचायला तोंडच नसलं की मी चिडते. त्या मंगळवारीही चिडले. माझी चूक तिथेच झाली, ती आधीच कबूल करून टाकते.

मी रुख्मा, हवालदार. माहेर नवेगाव बांधचं, नोकरी सगळी गोंदियाच्या आसपासच्या ठाण्यांत. बेलाटोला हे गाव आमच्या हद्दीत येतं. बिरसीच्या विमानतळामागे, धावपट्टीच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. पायलट व्हायला आलेली पोरं तिथे दिवसभर छोटी विमानं घेऊन घिरट्या घालतात. गावातलं कोणी मान वर करून बघत नाही. विमान डोक्यावर आलं की माणसं बोलणं अर्ध्यावर सोडतात, ते गेलं की पुढचा शब्द उचलतात. नव्या माणसाला गंमत वाटते. आम्हाला काहीच वाटत नाही.

योगेश्वरीबाई या गावात लग्न होऊन आली त्याला एकोणीस वर्षं झाली. पोवारांचं घर, चौदा एकर धान, पूर्वज माळव्यातून आलेले. घरात दोन भाऊ. थोरला नत्थूलाल, गावचा पोलीस पाटील. धाकटा खुमेंद्र, म्हणजे हिचा नवरा. दोघांत बारा वर्षांचं अंतर. बाप लवकर गेला, म्हणून थोरल्यानंच धाकट्याला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. घर एक, गुरांचा कोठा एक, चुली तेवढ्या दोन. खुमेंद्र भावासमोर खाटेवर बसत नसे, मान वर करून बोलत नसे. सगळं गाव त्या दोघांचं उदाहरण द्यायचं, आणि गाव उदाहरण देतं तेव्हा मला जरा धास्तीच वाटते.

त्या घराची रीत जुनी. धाकट्या भावाच्या बायकोनं नवऱ्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे भासऱ्याला, तोंड दाखवायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. भासराही आपल्या बाजूनं रीत पाळतो, अंगणात शिरण्याआधी खाकरतो. खाकरणं ऐकलं की सुनेनं पदर ओढायचा आणि भिंतीकडे वळायचं. आता पुष्कळ घरांतून हे सुटलं. पोवारांच्या पोरी गोंदियाला स्कुटीवर कॉलेजला जातात, पोलीस भरतीला येतात, माझ्यासमोर धावतात. नत्थूलालच्या घरात मात्र सुटलं नव्हतं. एकोणीस वर्षांत योगेश्वरीनं भासऱ्यांचं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. मी तिला नंतर विचारलं, "लग्नाच्या फोटोत तर असतील?" तर म्हणाली, "ते पान मी उलटवून टाकतो जी." आमच्याकडच्या खेड्यांत बायकाही 'करतो, जातो' असंच बोलतात.

तिचं एक काम नेमाचं होतं. सायंकाळी भासरे शेतावरून आले की उंबऱ्यावर पाय धुवायला लोटाभर पाणी ठेवायचं आणि मागे सरायचं. पदराखालून हातभर जमीन दिसते. त्या हातभर जमिनीवर लोटा, उंबरा आणि दोन पाय. एकोणीस वर्षं रोज तिनं ते पाय पाहिले होते. टाच कुठे भेगाळली, कोणतं नख काळं पडलं, चालताना कोणत्या बाजूची चप्पल जास्त झिजते, हे तिला आपल्या तळहातापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आता मंगळवारचं सांगते.

कार्तिक, धानाची कापणी ऐन भरात. दुपारी सव्वा वाजता ठाण्यात नत्थूलालचा फोन आला. "माह्या कोठ्यात दुधराम मरून पडला जी. लवकर या." पोलीस पाटलानं कळवलं, पंधरा मिनिटांत आम्ही पोचलो. दुधराम हा गावातला वायरमन. मोटारी दुरुस्त करायचा, कोणाच्या घरचे दिवे गेले की खांबावर चढायचा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पालथा पडला होता, मानेवर खोल वार. शेजारी धान कापायचा इळा. इळ्याच्या मुठीवर तापल्या खिळ्यानं कोरलेलं अक्षर होतं, 'खु'.

आमचे साहेब साताऱ्याकडचे, येऊन आठ महिने झालेले. माणूस वाईट नाही, पण घाई फार. त्यांना घाई करायला जागाही होती. आदल्या दिवशी पानठेल्यावर खुमेंद्रनं दुधरामच्या कानाखाली वाजवली होती. वीस लोकांनी पाहिलं होतं. कारण विचारलं तर खुमेंद्र एवढंच म्हणाला, "माह्या दादाबद्दल वाकडं बोलला तो." काय बोलला, ते सांगेना. खुनाच्या वेळी तो शेतात एकटाच होता. इळा त्याचा, राग त्याचा, साक्षीदार कोणी नाही. एवढ्यावर आमच्या खात्यात माणूस सहज आत जातो.

नत्थूलाल कोठ्याच्या दाराला धरून रडत होता. "धाकटा आहे जी माहा. लेकरासारखा वाढवला त्याले. पन पाटील म्हून खोटं कसं बोलू? कोठ्यातून घाईघाईनं निंगताना मी त्याले पाह्यलं." ते ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

थोरली जाऊ कापणीला गेलेली, घरात दुपारी एकटी योगेश्वरी होती. तिचा जबाब घ्यायला मी आत गेले. ती भिंतीला टेकून उभी. नत्थूलाल बाहेर वसरीत, म्हणजे पडवीत, दोन हातांवर, पंचांची नावं लिहून देत बसलेला. मी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "कोणाला कोठ्यात जाताना पाहिलं?" पदर नकारार्थी हलला. "कोणाचं तोंड दिसलं?"

"नाई जी."

मी लिहिलं, 'काही पाहिले नाही.' नवऱ्याचं नाव विचारलं तर तेही घेईना, रेशनकार्ड पुढे केलं. मी मनात म्हटलं, धन्य आहे. तिनं खाली सही केली. दहावी शिकलेली होती, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. चारच्या सुमारास आम्ही खुमेंद्रला गाडीत घातलं. तो भावाकडे बघत होता. बायकोकडे त्यानं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती एकटी ठाण्यात आली आणि बाकावर बसली. कोणी आत बोलावलं नाही, ती बोलली नाही. दोन वाजता गाडी खुमेंद्रला घेऊन गोंदियाच्या कोर्टात जाणार होती. त्याआधी नत्थूलालच्या जबाबावर सही व्हायची होती. थोरला भाऊच साक्षीदार म्हटल्यावर धाकट्याचं पुढे काय होतं, ते मी पुष्कळदा पाहिलेलं आहे. चौदा वर्षं तर कुठेच गेली नाहीत.

अकराला नत्थूलाल मोटारसायकलवर आला. मागोमाग गावातली पंधरा-वीस माणसं, ट्रॅक्टरमध्ये बसून. बाकावरच्या पदराला त्यांच्यापैकी कोणी हाक मारली नाही. नत्थूलाल तिच्यासमोरून साहेबांच्या खोलीकडे गेला आणि मी दारातून पाहिलं, पदर त्याच्यामागोमाग फिरला. वर नाही, खाली. त्याच्या पायांबरोबर. खोलीत शिरेपर्यंत तिनं त्या पायांवरची नजर सोडली नाही.

पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट होते, आत मोजे. कापणीच्या दिवसांत धानाचा शेतकरी मोजे घालून फिरतो, हे मला तेव्हा कुठे खटकलं. आणि तो उजवा पाय टाचेवर टाकत होता.

मी तिला मुद्देमालाच्या खोलीत नेलं, दार लावलं. जप्त केलेल्या मोहाच्या दारूचा वास होता. मी जमिनीवर बसले, तिला बसवलं, आणि काल विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "बाई, तोंड राहू दे. काय दिसलं तुम्हाला?"

मग पदरातून आवाज आला. "पाय."

त्यानंतर ती बोलत गेली. आवाज चढला नाही, उतरला नाही. कोणी रेशनची यादी वाचून दाखवावी तशी बोलत होती.

"तनीस आनाले गेलो होतो कोठ्यात. गाईले टाकाची होती. खाकरनं ऐकू आलं. मी पदर घेतलो, तनसीमागं भितीले लागून उभी रायलो. दोघं जन आत आले. एक दुधरामभाऊ. निळ्या पट्ट्याची चप्पल त्याइची."

"आणि दुसरे?"

"दुसरे ते." ती थांबली. "माह्या घरधन्याचे मोठे."

"काय बोलले?"

"दुधरामभाऊ म्हने, सुखरामची बायको अजून पुसते, कोन्या सापानं खाल्लं म्हून. माह्यानं आता रायवत नाई. वायर मीच काढलो होतो, ठान्यात जाऊन सांगतो. मंग विमान आलं. मंग काई ऐकू आलं नाई."

सुखराम हे नाव माझ्याही कागदांत होतं. सुखराम गुराखी. दोन वर्षांपूर्वी नत्थूलालच्या बांधावर मरून पडलेला सापडला होता. पोलीस पाटील म्हणून नत्थूलालनंच कळवलं होतं, साप चावला. पायावरची खूण मला सापाची वाटली नव्हती. भाजल्यासारखी, सरळ रेघ होती. पण पाटील म्हणतो आहे, उशीर झाला आहे, पाऊस येतो आहे. मी 'सर्पदंश' लिहिलं आणि त्यांच्याच वसरीत बसून चहा घेतला. चहा आणणाऱ्या बाईचं तोंड दिसलं नव्हतं. ती आमची पहिली भेट. रानडुकरं येऊ नयेत म्हणून धानाभोवती विजेची उघडी तार लावतात. गुन्हा आहे तो, पण लावतात. सुखराम त्या तारेवर गेला, आणि पाटलानं रातोरात दुधरामकडून तार काढून घेतली. दोन वर्षांनी दुधरामच्यानं ते पोटात ठेववेना. आधी त्यानं खुमेंद्रला सांगितलं असणार, आणि खुमेंद्रनं भावासाठी त्याच्या कानाखाली वाजवली.

"विमान होतं तवा काय दिसलं?"

"दुधरामभाऊची एक चप्पल निंगाली. टाचा घासल्या खाली. दोन्ही. मंग हलल्या नाई. मंग इळा पडला हातातून, त्याइच्याच पायावर. उजव्या. आंगठ्यापासून दुसऱ्या बोटापर्यंत उघडलं. तनीस घ्याले माह्याकडं आले, रक्तावर टाकाले. तवा मी दिसलो त्याइले."

"मग?"

"खाकरले जी."

"खाकरले?"

"हाव. नेहमी खाकरते तसे. तनीस घेतली अना फिरले."

माणूस मारल्यावर साक्षीदार समोर दिसला, आणि हा खाकरला. त्याला तिला धमकवावंसंही वाटलं नाही. त्याला पदर दिसला आणि तो निर्धास्त झाला. पदराखाली डोळे नसतात, जीभ नसते, असा त्याचा एकोणीस वर्षांचा अनुभव होता. आणि दोन तासांनी मी येऊन त्याचा तो अनुभव सरकारी कागदावर उतरवून दिला होता.

"सायंकाळी लोटा ठेवलो उंबऱ्यावर," ती म्हणाली. "घेतला नाई. पयल्यांदाच. विहिरीवर धुऊन आले, मोजे घालून. लोटा सकारपर्यंत भरलेलाच होता."

"काल काऊन नाई सांगितलं मग?" मी चिडूनच विचारलं. राग माझा मलाच आला होता, निघाला तिच्यावर.

"तुमी तोंडाचं पुसलं. तोंड मी नाई पाह्यलं. अना ते वसरीतच होते." मग म्हणाली, "त्याइचं नाव मले नाई घेता येत जी. घरधनी काय म्हनतील?"

तो घरधनी दहा पावलांवर कोठडीत बसला होता आणि दोनच्या गाडीनं जाणार होता. आणि ही बाई, घरधनी काय म्हणतील, म्हणत होती. मी उठून दार उघडलं.

साहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं तेव्हा साडेबारा वाजले होते. साहेबांनी कपाळावर हात मारला. "हवालदार, एका घरात राहून एकोणीस वर्षं तोंड पाहिलं नाही? हे मी कोर्टात सांगू? वकील हसून लोळतील. नवऱ्याला सोडवायला बायको काहीही बोलेल. आणि तुमचा तो पाटील सकाळीच म्हणाला, पायात धानाचं खुंट घुसलं."

"बूट काढायला लावा साहेब. खुंटाची जखम टोचल्याची असते, इळ्याची चिरल्याची."

"फिर्याद देणाऱ्या पोलीस पाटलाला, गावासमोर? उद्या माझ्यावरच तक्रार जाईल. आधी ठोस काहीतरी आणा. दोनला गाडी निघेल."

आम्ही बोलतो आहोत हे नत्थूलालनं खिडकीतून पाहिलं. तो उठलाच. "साहेब, सही घेऊन टाका जी. धान कापून पडले आहेत, ढग येऊन रायले."

जबाब टाईप होत होता. प्रिंटर अडकला, मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. बाहेर येऊन योगेश्वरीला म्हटलं, "बूट काढल्याशिवाय काही होत नाही, आणि बूट काढायला लावणारं कोणी नाही." खरं तर मी हात टेकले होते.

ती उठली. आमच्या ठाण्याच्या आवारात मारुतीचं छोटं देऊळ आहे, समोर तुळस. तुळशीला पाणी घालायचा पितळी लोटा तिथे ठेवलेला असतो. तो तिनं उचलला, नळावर घासला, भरला. व्हरांड्यात नत्थूलाल खुर्चीवर बसला होता, भोवती गाव. ती माणसांमधून गेली, लोटा त्याच्या पायांपुढे ठेवला, तीन पावलं मागे सरली आणि खाली बसली.

नत्थूलाल हसला. रीतीप्रमाणे तिच्याशी न बोलता तो हवेत बोलला. "कोनी सांगा रे सुनेले. हे ठानं आहे, घर नोहे."

ती हलली नाही.

नत्थूलालनं वाकून दोन बोटं पाण्यात बुडवली, बुटांवर शिंपडली. "झालं. घेतलं पानी."

ती हलली नाही.

गावातल्या सुमित्राबाई, सत्तरीच्या, ट्रॅक्टरमधून आल्या होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त रीत ठाऊक होती. त्या म्हणाल्या, "असं काय करता पाटील? नवरा आत आहे तिचा, तरी तुमच्या मानाले चुकली नाई. सुनेचं पानी नाकारू नये बापा. पाय धुवा." दोन-चार माना हलल्या. कोणी म्हणालं, "हाव, हाव, धुवा." एवढी गुणी सून, असंही कोणी म्हणालं. त्याचीच माणसं, त्याचाच मान राखायला सांगत होती.

साहेब दारात येऊन उभे राहिले. त्यांनी लोटा पाहिला, पदर पाहिला, मग बूट पाहिले. हातातला प्रिंट त्यांनी पाठीमागे धरला. "घ्या की पाटील," ते सावकाश म्हणाले. "आम्हालाही बघू द्या तुमच्याकडची पद्धत."

नत्थूलालनं डाव्या बुटाची नाडी सोडली. फार वेळ लावला. मोजा काढला, पाय धुतला, गमछ्यानं पुसला, परत मोजा चढवला. "झालं," म्हणाला.

योगेश्वरीनं बसल्याजागी पुढे सरकून दोन बोटांनी लोटा ढकलला. डाव्या पायासमोरून उजव्या पायासमोर.

तेवढ्यात विमान आलं. सुमित्राबाई काहीतरी बोलत होत्या, त्या थांबल्या. सगळं गाव थांबलं. विमान ठाण्यावरून गेलं, बिरसीकडे वळलं, आवाज विरला. पण या वेळी पुढचा शब्द कोणी उचलला नाही. सगळे उजव्या बुटाकडे बघत होते.

नत्थूलाल उठला तो लोट्याला लाथ मारूनच. लोटा गडगडत नळापर्यंत गेला. दोन ढांगांत तो पायरीवर होता, मोटारसायकलची किल्ली हातात. मी पायरीखालीच उभी होते. माझा बूट त्याच्या उजव्या पायावर पडला. चुकून पडला, असं मी कागदावर लिहिलं आहे. कागदावर मी बरंच काही लिहीत आले. हे एक त्यातलं कमी खोटं.

तो गुरासारखा ओरडला. पांढऱ्या कॅनव्हासवर लाल डाग उमटला आणि वाढत गेला. दोन शिपायांनी त्याला धरून पायरीवर बसवलं, साहेबांनी स्वतः नाडी सोडली. अंगठ्यापासून दुसऱ्या बोटापर्यंत तिरपा, सरळ चिरा. हळद भरलेली. धानाचं खुंट असं कापत नाही, हे त्या व्हरांड्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. सगळे शेतकरीच होते. इळा पायावर पडल्याची खूण निम्म्यांच्या पायांवर असेल.

"हे कसं झालं पाटील?" साहेबांनी विचारलं.

"कापनीत लागलं," नत्थूलाल म्हणाला. "कापनीत इळा लागला जी."

"सकाळी खुंट म्हणाला होतात."

तेव्हा योगेश्वरी उभी राहिली. दोन्ही हातांनी पदराची कड धरली आणि डोक्याच्या मागे टाकली. चाळिशीची बाई. कपाळावर मोठी टिकली, हनुवटीवर गोंदण, डोळे कोरडे. गावातल्या अर्ध्या पुरुषांनी ते तोंड पहिल्यांदाच पाहिलं असेल. ती सरळ नत्थूलालच्या तोंडाकडे बघत होती. पाच सेकंद, दहा सेकंद. मी घड्याळ पाहिलं नाही.

"नत्थूलाल," ती म्हणाली.

कोणीतरी 'अगं' म्हणालं.

"नत्थूलालनं मारलं दुधरामभाऊले. मी होतो कोठ्यात. इळा पायावर पडला तो मी पाह्यलो. तुमी खाकरले अना गेले. आठवते का तुमाले?"

नत्थूलालनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे केलं. मागे कोठडीच्या गजांतून खुमेंद्रचा आवाज आला. "दादा!" एवढा एकच शब्द. त्यानं हाक मारली ती भावाला.

पुढचं सगळं कागदांचं. कोठ्यातल्या मातीत दोन माणसांचं रक्त निघालं. नत्थूलालच्या नहाणीत धुतलेलं धोतर सापडलं, पुरतं न धुतलेलं. तिसऱ्या दिवशी त्यानं कबूल केलं. सुखरामची फाईल मी स्वतः काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. 'सर्पदंश' या शब्दाखाली माझीच सही आहे, हे बोट ठेवून दाखवलं. आता माझी चौकशी चालू आहे. होऊ दे. सुखरामच्या बायकोला सांगायला गेले तेव्हा ती भात निवडत होती. तिनं ऐकलं, 'बरं' म्हणाली आणि निवडत राहिली. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही.

खुमेंद्रच्या सुटकेच्या कागदांना आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत योगेश्वरी रोज ठाण्यात यायची आणि त्याच बाकावर बसायची. गावात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. जावेनं विहिरीचं पाणी बंद केलं होतं. सुमित्राबाई तेवढ्या एकदा येऊन म्हणाल्या होत्या, मले माहीत असतं तर मी पाय धुवा म्हटलंच नसतं. एका दुपारी मी तिला चहा दिला आणि उगीच विचारलं, "बाई, एकोणीस वर्षांनी तोंड पाहिलं. कसं वाटलं?"

तिनं चहा संपवला, कप पालथा ठेवला. "ह्याइच्यासारखंच आहे जी," ती म्हणाली. "नाक, भिवया, सगळं. जसे ह्येच मातारे झाले."

नवव्या दिवशी दुपारी खुमेंद्र बाहेर आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. तिनं त्याच्या चपला पिशवीतून आणल्या होत्या, त्या पुढे ठेवल्या. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. एवढे दिवस ती तशीच येत होती. या माणसाला तिनं फासाच्या दारातून आणलं होतं, म्हणून मी मुद्दाम दारात उभी राहिले. तो काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं.

त्यानं चपला घातल्या. तिच्याकडे न बघता म्हणाला, "दादाचं नाव घेतलं म्हने तुनं."

"हाव."

"साऱ्या गावासमोर."

"हाव."

तो पायरी उतरला, फाटकाकडे चालू लागला आणि चालता चालता खाकरला. थेट थोरल्यासारखा. घशात काही अडकलं असेल, दुसरं काही नसेलही.

तिचा हात वर गेला आणि पदर छातीपर्यंत खाली आला. मग ती त्याच्यामागून चार पावलांवर, खाली बघत, त्याच्या टाचांच्या मागे मागे चालत गेली.